काकूंच्या चेहऱ्यावरची फुली

१. पत्रा

आमच्या कला महाविद्यालयात खून व्हावा इतकं महत्त्वाचं कुणीच नाही. त्यामुळे गुन्हा घडला तो तांब्याच्या एका पत्र्यावर.

त्या सकाळी छापचित्र विभागाच्या मोठ्या खोलीत आम्ही चौघं होतो. विभागप्रमुख सर, म्हणजे आम्हा सगळ्या पीएचडीवाल्यांचे मार्गदर्शक. भावी, ज्याची त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. तो ‘भावी डॉक्टर’ म्हणून इतकी वर्षं ओळखला जात होता की पुढचा ‘डॉक्टर’ झिजून गेला आणि नुसता ‘भावी’ उरला. तिसरी तळटीप. ती कलेच्या इतिहासावर संशोधन करते आणि साधं ‘पाऊस येईल’ म्हणालं तरी ‘कोण म्हणतं?’ असं विचारते. चौथा मी. माझा विषय ‘कंटाळ्याचं दृश्यरूप’. क्षेत्रकार्य उत्तम चाललं आहे.

भावीचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. तांब्याची एकच प्लेट, तिच्यावर एकाच बाईचा चेहरा. बाई म्हणजे आमच्या काकू. त्या विभागात मॉडेल म्हणून स्टुलावर बसतात आणि पहिल्या वर्षाची मुलं त्यांचं नाक दर आठवड्याला नव्या जागी काढतात. भावी दर वर्षी काकूंचा चेहरा नव्यानं निरखायचा, वाढलेल्या सुरकुत्या त्याच प्लेटवर सुईनं कोरायचा आणि एक छाप काढायचा. तांब्यावर रेघ वाढवता येते, धड पुसता येत नाही. चेहऱ्याचंही तसंच, हा त्याचा सिद्धांत. सगळे जुने छाप भिंतीवर ओळीनं लावले होते. शेवटच्या छापाची चौकट रिकामी होती, कारण तो छाप आज परीक्षकांच्या डोळ्यांसमोर काढायचा होता. त्याशिवाय प्रबंध पुरा होत नव्हता.

भावीनं खण उघडला. काल वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली प्लेट आज निळ्या चौकड्यांच्या मऊ कापडात होती. त्यानं कापड उलगडलं.

काकूंच्या चेहऱ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारलेली होती.

तळटीप किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदाच संदर्भ न देता.

“अरे बाप रे,” सर म्हणाले, “परीक्षक खाली चहा घेतायत.”

भावी मात्र प्लेटकडे बघतच नव्हता. तो कापडाकडे बघत होता. मग त्यानं अंगातला एप्रन काढला, त्याची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि वर बसला. मला वाटलं, धक्का बसला की माणूस मऊ जागा शोधत असेल.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “कुणी केलं, का केलं, काही नको. तक्रार नको.”

ज्याचं घर पेटलं होतं तोच म्हणत होता, बंब बोलवू नका.

२. भिंग

परीक्षक बाई वर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायांत आवाज न करणारे बूट. पर्समधून त्यांनी भिंग काढलं. भिंग बाळगणारी बाई गुप्तहेर असते असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा ती छापचित्रकार असते.

सरांनी घसा साफ केला. “बाई, अघटित घडलंय. आपण परीक्षा पुढे ढकलू. दोनेक महिने.”

“का?”

“दाखवायला काम नाही.”

“परीक्षा तोंडीच आहे ना?” बाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. “तोंडं तर सगळी हजर दिसतायत.”

त्यांनी प्लेट खिडकीशी नेली आणि भिंगातून पाहिली, अगदी सावकाश. मला शिंक आली होती, ती मी संशोधनाच्या हितासाठी गिळली.

“हे ज्यानं केलं,” बाई म्हणाल्या, “त्याला राग आलेला नव्हता.”

“असं कसं? सत्यानाश केलाय!” सर म्हणाले.

“पट्टी लावून केलाय. सत्यानाश करणारा माणूस पट्टी शोधत बसत नाही. हे बघा.”

आम्ही वाकलो. फुलीच्या दोन रेघांपैकी एक खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरत होती. तिथं भावीनं बारीक अक्षरात स्वतःचं नाव कोरलेलं होतं, कागदावर सरळ उमटावं म्हणून उलटं. नवख्याला ते नाव वाटणार नाही, मुंगी शाईत पडून चालत गेली असं वाटेल. रेघ त्या नावापाशी आली, थांबली, उचलली गेली आणि नावाच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली. झोपलेल्या माणसाला ओलांडून जावं तशी.

“चेहऱ्यावरून बिनदिक्कत गेलीय,” बाई म्हणाल्या, “आणि नावाला धक्का लावला नाहीय. विचित्र आहे की नाही?”

मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्या विभागात फुली कधी मारतात?”

हे मला येत होतं. परीक्षेत असं क्वचितच होतं. “ठरलेले सगळे छाप काढून झाले की. म्हणजे त्या प्लेटवरून कुणी चोरून आणखी काढू नयेत. फुली मारली की काम संपलं.”

“आणि त्यानंतर?”

“फुली मारलेल्या प्लेटचा एक छाप काढायचा. साक्षीला.”

“म्हणजे ही शिस्तीची फुली आहे. कुणीतरी प्लेटचे शेवटचे संस्कार केलेत. फक्त प्लेट जिवंत होती.”

एवढ्यात सर तळटीपच्या टेबलाजवळ गेले आणि त्यांनी एक सुई उचलली. टोकावर खरवडून निघालेली तांब्याची बारीकशी तार अडकली होती. केसासारखी, लालसर, चमकणारी.

“ही तुझीच ना?” सरांनी तळटीपला विचारलं.

तळटीप तांब्याला हात लावत नाही. तिनं ती सुई कागद टोचायला आणली होती.

“माझी,” ती म्हणाली.

३. तळटीप

“तुझं आणि याचं वाकडं आहे हे सगळ्यांना माहीत आहे,” सर म्हणाले. “तू लेखात याच्या कामाला काय म्हणालीस?”

“‘भावनिक सजावट’. पण तळटिपेत म्हणाले, सर. मुख्य मजकुरात त्याचं कौतुकच आहे.”

“कौतुक किती आहे?”

“अर्धं वाक्य.”

परीक्षक बाई मॉडेलच्या रिकाम्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. “काल संध्याकाळी तू इथं होतीस?”

“होते. पहिल्या वर्षाचा वर्ग चालू होता, तोवर लिहीत बसले. वर्ग सुटला तशी ग्रंथालयात गेले. सुई इथंच टेबलावर होती. तुम्ही बसलाय ना, तिथून हात लांब केला तरी मिळेल.”

“आणि फुली तू मारलीस?”

तळटीपचा आवाज चढला. “बाई, मला याचा राग आलाच असता तर मी त्याच्यावर आणखी एक लेख लिहिला असता! प्लेट कशाला खराब करू? प्लेटच राहिली नाही तर मी टीका कशावर करायची?”

मला हे बिनतोड वाटलं. सरांना वाटलं नाही. “मी तुझी नोंदणी रद्द करण्याची शिफारस करणार,” ते म्हणाले. “आजच.”

तळटीप रडायला लागली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण रडताना ती कुणाचाच आधार घेत नाही हे मला त्या दिवशी कळलं. नुसती उभी राहून रडते, हात खाली सोडून. मी रुमाल पुढे केला. त्याला शाई लागलेली होती. आता तिच्या गालावरही लागली.

मी भावीकडे पाहिलं. त्याचं काम गेलं होतं, पदवी जात होती, आणि ज्या मुलीवर आळ आला ती समोर रडत होती. अशा वेळी माणूस ओरडतो, नाहीतर म्हणतो, ‘ही नाही हो’. भावी फरशीकडे बघत बसला होता. कान लाल झाले होते. चोरी करताना पकडला गेलेला माणूस असा बसलेला मी पाहिला आहे, ज्याच्याकडे चोरी झाली तो असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

“तुला वाटतं हिनं केलं?” बाईंनी त्याला सरळ विचारलं.

“मला... माहीत नाही.”

“मी माहीत आहे का विचारलं नाही. वाटतं का विचारलं.”

भावीनं तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी गरजलं, “माझ्या प्रेसला कुणी हात लावलाय का, ते आधी सांगा!”

४. बाकीची तोंडं

प्रेसकाका आतल्या खोलीतून आले. छापण्याचं यंत्र त्या खोलीत असतं आणि ते काकांचं आहे, असं काका धरून महाविद्यालयातले सगळे मानतात. काकांना फुली दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भलतीच दुसरी प्लेट हातात घेऊन “फारच वाईट,” म्हणाले. मग योग्य प्लेट दिल्यावर पुन्हा तेच म्हणाले.

“काल तुमच्या प्रेसवर कुणी छाप काढला?” बाईंनी विचारलं.

“कुणाची बिशाद? संध्याकाळी पुसून गेलो, सकाळी तशीच. बोट फिरवून बघा.”

“म्हणजे फुली मारली, पण साक्षीचा छाप काढला नाही.”

काकांना हा प्लेटपेक्षा मोठा गुन्हा वाटला. “फुली मारून छाप नाही? पाहुण्याला हात धुवायला लावले आणि ताटच नाही वाढलं! छपाईतला माणूस असं करणार नाही, बाई. मेला तरी करणार नाही.”

बाईंनी मान डोलावली. मग सरांकडे वळल्या. “सर, परीक्षा पुढे गेली तर बरं, असं तुम्हाला का वाटतं?”

“मला? छे!”

“मी प्लेट बघायच्या आधीच तुम्ही दोन महिने मागितलेत.”

सर खिडकीकडे बघायला लागले. मोठा माणूस लाजतो तेव्हा तो आधी हवामान बघतो. “मी... प्रबंध पूर्ण वाचलेला नाही.”

“कुठपर्यंत वाचलाय?”

“ऋणनिर्देश.”

“अख्खा?”

“माझं नाव येईपर्यंत.”

मला हसू आलं होतं, पण तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही? काल संध्याकाळी?”

“झोपलो होतो. पडद्यामागे.”

“कशासाठी?”

“संशोधनासाठी.”

बाईंनी हे उत्तर खरं मानलं. त्याचा मला जरा अपमानच वाटला.

तेवढ्यात दार ढकलून काकू आल्या. पहिल्या वर्षाचा वर्ग आजही होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. डबा चांगलाच गरम असावा, कारण त्या बोटं बदलत बदलत धरत होत्या.

“आज गर्दी दिसते,” काकू म्हणाल्या. “कागद बघायला आलात वाटतं सगळे?”

“काकू, जरा बाजूला बसा,” सर म्हणाले. “इथं महत्त्वाचं काम चाललंय.”

काकू बाजूला झाल्या. परीक्षक बाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी काकूंना तिथं बसवलं. काकूंनी सवयीनं हनुवटी वर केली.

“तासन् तास बसता, कंटाळा येत नाही?” बाईंनी विचारलं.

माझ्या विषयावरचा प्रश्न होता, म्हणून मी कान टवकारले.

“कंटाळा कसला? मान दुखते तेवढी. इथून सगळं दिसतं की. कोण कोरतंय, कोण घासतंय, हा मुलांना काय शिकवतोय.” त्यांनी भावीकडे बघून हनुवटी किंचित हलवली. “पार पाठ झालंय मला. आतल्या खोलीतलं तेवढं दिसत नाही. आत काय करतात कुणास ठाऊक, घरघर ऐकू येते नुसती.”

बाईंनी निळ्या चौकड्यांचं कापड उचललं, नीट घडी घातलं आणि भावीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“उठ,” त्या म्हणाल्या.

भावी उठला नाही.

५. तोंडी परीक्षा

“सर, दार लावून घ्या,” परीक्षक बाई म्हणाल्या. “परीक्षा सुरू झालीय. उमेदवार उत्तर देत नसेल तर परीक्षकानं थोडी मदत करायची असते. करते.”

आम्ही सगळे उभे होतो. बसले होते फक्त भावी आणि काकू.

“फुली मारणाऱ्याला फुलीची रीत ठाऊक आहे. उलटं कोरलेलं नाव ओळखता येतं. पट्टी धरता येते, सुई कुठं आहे तेही माहीत आहे. म्हणजे तो याच खोलीतला. पण फुलीनंतर छाप काढायचा असतो, हे त्याला माहीत नाही. म्हणजे या टेबलांवरचं सगळं ज्याला पाठ आहे आणि आतल्या खोलीतलं काहीच माहीत नाही, असा माणूस. तुमच्यात असं कोण आहे?”

प्रेसकाकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे दिवसातून कितीदा तरी आत जातो. तळटीपसुद्धा जाते, कुणी चुकतंय का बघायला.

“दुसरं. शेवटचा छाप आज निघणार, हे या विभागात भिंतीलाही ठाऊक आहे. तिच्यावर रिकामी चौकट लावलीय. फुली मारणाऱ्याला मात्र वाटत होतं, सगळे छाप काढून झालेत. तसं कुणीतरी त्याला सांगितलं असणार.” बाई भावीकडे वळल्या. “तसं तू कुणाला सांगितलंस?”

भावी खुर्चीवर आणखी दाबून बसला.

“मॉडेलला खोटं कुणी सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “मॉडेलला कुणी काही सांगतच नाही. ‘मान डावीकडे’ एवढंच सांगतात. ज्याला खोटं सांगावं लागतं तो माणूस घरी भेटतो. जेवताना विचारतो, काम कुठवर आलं?”

मी काकूंच्या डब्याकडे पाहिलं.

“तुझा प्रबंध मी वाचलाय, सगळा,” बाई म्हणाल्या. सरांनी हवामान पाहिलं. “त्यात लिहिलंयस, ‘विषय-स्त्री डाव्या कुशीवर झोपत असल्याने डाव्या गालावरील रेषा अधिक खोल आहेत.’ मॉडेल कुठल्या कुशीवर झोपते, हे संशोधकाला कसं कळलं?”

सर जोरात खोकले. त्यांच्या मनात आलं ते चुकीचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट छापून आलं.

“तो खालचा एप्रन दे आता. त्याचं निळं ठिगळ मघापासून डोकावतंय.”

भावी उठला. त्यानं एप्रन बाईंच्या हातात दिला. एप्रनचा फाटलेला खिसा आतून ठिगळ लावून शिवलेला होता. ठिगळ निळ्या चौकड्यांचं होतं. बाईंनी त्याच्याशेजारी प्लेटचं कापड धरलं. एकाच जुन्या चादरीचे दोन तुकडे. एक एप्रनला लागला, दुसऱ्यात रोज कुणाचा तरी डबा बांधला जात होता. आज डबा कापडाशिवाय आला होता आणि बोटं भाजत होती.

“मी तुला एकच प्रश्न विचारते,” बाई म्हणाल्या. “तो नीट सुटला तर बाकीचे सोडून देईन. भिंतीवर ही जी बाई आहे, ती कोण?”

भावीनं ओठ ओले केले. तळटीपच्या गालावर शाई वाळत होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं. मग फरशीकडे. मग, मला वाटतं त्या सकाळी पहिल्यांदाच, स्टुलाकडे.

“आई,” तो म्हणाला. “माझी आई आहे ती.”

आणि काकू झटकन म्हणाल्या, “नाही हो!”

६. साक्षीचा छाप

“काहीतरीच काय,” काकू हसून म्हणाल्या. “घाबरलंय पोर. परीक्षा म्हटलं की असंच होतं. मी मॉडेल आहे इथली, विचारा सरांना. मला मूलबाळ काही नाही.”

त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी क्षणभर त्यांच्यावरच विश्वास ठेवला. हनुवटी वर, नजर स्थिर. इतकी वर्षं हलायचं नाही हेच काम केलेली बाई. भावीचा चेहरा मात्र कुणीतरी मागून दोरी ओढल्यासारखा आत गेला.

“बरं,” परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “फुली तुम्ही मारलीत का, काकू?”

“हो, मीच. ती मारायचीच असते ना? हा मुलांना शिकवतो, सगळे छाप निघाले की फुली. फुली विसरली तर कामाला इमान नाही म्हणतो. तो म्हणाला, काढून झाले सगळे, उद्या नुसते कागद दाखवायचे. काल वर्ग सुटल्यावर खण उघडून बघितलं, तर प्लेट तशीच. म्हटलं, विसरला असेल. लहानपणापासून असाच आहे. बूट घालील, नाडी बांधणार नाही. शेवटचं सगळं मीच...”

त्या थांबल्या. त्यांनी हात तोंडावर ठेवला. आपण काय बोललो हे त्यांना आमच्या तोंडांवरून कळलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. ती त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. स्टुलावर बसून ती कधी दिसलीच नसती.

“चुकलं का काही?” त्यांनी विचारलं. भावीला नाही, परीक्षक बाईंना. “काढायचा राहिला होता एक? मग आता? मी घासून देऊ का? घासून जातं का हो ते?”

तांब्यावरची रेघ धड पुसता येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना येत होतं. कुणी सांगितलं नाही.

भावी बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. “पहिल्या वर्षी मी म्हणालो, ओळखीच्या काकू आहेत, बसायला तयार आहेत. मॉडेल मिळत नव्हतं. ती म्हणाली, मी बसते. एकदा काकू म्हटलं की मग म्हटलंच. बाकीच्यांच्या आया प्रदर्शनाच्या उद्घाटनाला यायच्या. माझी स्टुलावर. काल तिला परीक्षेचं सांगितलं असतं तर ती मागे खुर्ची घेऊन बसली असती, सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, सगळं झालंय.”

“अरे, मी कशाला बसले असते?” काकू म्हणाल्या. “बाहेर थांबले असते.”

कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मागे एकदा काकू बसल्या बसल्या पेंगल्या तेव्हा वर्गातल्या कुणीतरी त्यांचं उघड्या तोंडाचं चित्र काढून फळ्यावर लावलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो. भावी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. ते मला आठवलं, आणि मी तळटीपकडे पाहिलं तर तिलाही तेच आठवत होतं. सर तर काकूंशी आयुष्यभर फक्त दोन वाक्यं बोलले असतील, आणि दोन्हीत ‘जरा बाजूला’ होतं.

“काका,” परीक्षक बाई प्रेसकाकांना म्हणाल्या, “प्रेस लावा.”

“फुलीसकट?”

“रीतच आहे. साक्षीचा छाप राहिलाय.”

भावीनं प्लेटला शाई लावली. आत जाताना बाईंनी काकूंचा दंड धरला आणि त्यांनाही आत नेलं. काकू उंबऱ्यात घुटमळल्या. इतकी वर्षं नुसती घरघर ऐकलेल्या त्या खोलीत त्यांनी एकदाचं पाऊल टाकलं आणि यंत्राकडे बघून म्हणाल्या, “एवढंसंच?” काकांना ते लागलं.

कागद उचलला. चेहरा आला. सगळ्या वर्षांच्या सगळ्या सुरकुत्या आल्या. त्यांच्यावरून फुली आली, ताज्या खरवडलेल्या तांब्याची, काळीभोर, मखमली. खाली कोपऱ्यात रेघ थांबली होती आणि तेवढ्या जागेत भावीचं नाव स्वच्छ उमटलं होतं.

“हा शेवटचा,” परीक्षक बाई म्हणाल्या. “चौकटीत लावा. प्रबंध मान्य करते, दुरुस्त्यांसह. जिथं जिथं ‘विषय-स्त्री’ लिहिलंयस, तिथं खरा शब्द लिही. डाव्या कुशीवर का झोपते, तेही लिही. तिला विचारून.” त्यांनी भिंग पर्समध्ये टाकलं. “पदवी देतेय. शाबासकी नाही.”

सरांनी तळटीपला सांगितलं की नोंदणी रद्द करण्याची शिफारस रद्द. तळटीप म्हणाली, “लेखी द्या.” भावी तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. माफी मागायला त्याला शब्द सापडेना. “गालावर शाई आहे,” एवढंच म्हणाला. “माहीत आहे,” ती म्हणाली आणि त्याला टाळून निघून गेली.

या गडबडीत स्टूल रिकामं झालं होतं. पिशवी नव्हती, डबाही नव्हता.

भावी जिना उतरून धावला. मी त्याच्या मागे. का, ते मला माहीत नाही. माझ्या संशोधनात धावणं बसत नाही. फाटकाबाहेर काकू बसथांब्यावर उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून.

“आई!” भावी ओरडला.

रस्त्यावरच्या चार-पाच बायकांनी वळून पाहिलं. त्यांनी नाही. महाविद्यालयाच्या आसपास त्या हाकेला वळायचं नाही, ही शिकवण भावीचीच होती, आणि त्या त्याच्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी होत्या.

त्यानं श्वास घेतला. मला त्याच्या ओठांवर ‘का’ दिसला. ‘काकू’ म्हटलं असतं तर त्या लगेच वळल्या असत्या. त्यालाही ते ठाऊक होतं. त्यानं ओठ मिटले आणि घसा फाटेल एवढ्यानं पुन्हा “आई!” म्हणूनच ओरडला.

बस आली. काकू चढल्या. भावी सुटलेल्या बसच्या मागे पळाला, दांडीला लोंबकळला आणि कसाबसा आत शिरला. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. खिडकीतून मला त्यांची फक्त मान दिसली, सरळ, न वळलेली.

मग कंडक्टर त्यांच्यापाशी आला. काकूंनी मागे न बघता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.